कंपनी गावाला पैसे का देते?

१. टाकीवर रंगवलेलं नाव

औष्णिक वीज केंद्राच्या, कोळसा खाणीच्या किंवा तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आसपास फिरलं की कंपनीचं नाव जागोजागी दिसतं. अंगणवाडीच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, बसथांब्याच्या पत्र्यावर, कधी फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर. गावात त्याला ‘सीएसआरचं काम’ म्हणतात. पण हे काम नेमकं काय, असं विचारलं तर प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो. कुणी म्हणतं, जमीन घेतली त्याचा मोबदला आहे. कुणी म्हणतं, धूर आणि राख सोसतो म्हणून देतात. कुणाला ती साहेबांची मेहेरबानी वाटते, तर कुणाला सरकारची सक्ती. आणि सगळ्यांच्या बोलण्यात शेवटी एकच प्रश्न येतो: आपल्या गावाला यातलं किती मिळायला हवं, आणि ते ठरवतं कोण?

उत्तर शोधताना आधी पैशांच्या वाटा वेगळ्या करायला हव्यात. मग कायद्यातलं गणित, आणि मग दोन ठिकाणांची हकिगत: एक आपल्या मुळशीची, दुसरी स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात असलेल्या शेटलंड बेटांची.

२. चार वाटा

ऊर्जा कंपनीकडून एखाद्या भागात पैसा येतो तो साधारण चार वाटांनी.

पहिली वाट भूसंपादनाची. जमीन गेली, घर गेलं, त्याचा मोबदला आणि पुनर्वसन. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात हे सगळं येतं. ही भरपाई आहे. ज्याचं गेलं त्याला ती मिळायलाच हवी.

दुसरी वाट कराची. कारखान्याच्या इमारतींवर, पवनचक्क्यांवर ग्रामपंचायत कर आकारते; खनिजावरचं स्वामित्वधन राज्य सरकारकडे जातं.

तिसरी वाट खाणी असलेल्या जिल्ह्यांपुरती आहे. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ आलं. खाण चालवणाऱ्याने स्वामित्वधनाशिवाय आणखी एक रक्कम या प्रतिष्ठानात भरायची: लिलावाने दिलेल्या नव्या खाणींसाठी स्वामित्वधनाच्या १० टक्के, आधीच्या खाणींसाठी ३० टक्के. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या भागासाठी आणि माणसांसाठी राखलेला असतो. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या कोळशाच्या जिल्ह्यांत तो महत्त्वाचा ठरतो.

चौथी वाट सामाजिक गुंतवणुकीची, म्हणजे ज्याला आपण सीएसआर म्हणतो ती. कंपनी आपल्या नफ्यातला काही भाग लोकांचं आरोग्य, शिक्षण, पाणी, उपजीविका यांवर खर्च करते. त्याचं फळ कंपनीला मिळत नाही, लोकांना मिळतं.

या वाटा मिसळल्या की नुकसान गावाचं होतं. पुनर्वसनात द्यायचा रस्ता सीएसआरमधून करून दिला की कागदावर दोन कामं दिसतात आणि जमिनीवर एकच असतं. म्हणूनच नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की दुसऱ्या कुठल्या कायद्याने कंपनीवर जी जबाबदारी येते, ती पार पाडण्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. हा नियम प्रत्येक गावाच्या सरपंचाला तोंडपाठ असावा असं मला मनापासून वाटतं.

३. दोन टक्क्यांचा हिशेब

कंपनी कायदा २०१३ चा. त्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तर तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. तीनपैकी एक अट पुरी झाली तरी कलम लागू होतं.

आकडे घालून पाहू. समजा, एका वीज कंपनीला लागोपाठ तीन वर्षं ८० कोटी, १०० कोटी आणि १२० कोटी नफा झाला. बेरीज ३०० कोटी, सरासरी १०० कोटी, त्याचे २ टक्के म्हणजे २ कोटी. यातला जास्तीत जास्त ५ टक्के, म्हणजे १० लाख रुपये, कंपनी कार्यालयीन खर्चासाठी धरू शकते. उरले १ कोटी ९० लाख. केंद्राच्या आसपास ४० गावं असतील आणि सगळ्यांना सारखं वाटलं, तर गावाच्या वाट्याला येतात ४ लाख ७५ हजार.

भाषणात ‘दोन कोटी’ ऐकताना आकडा मोठा वाटतो. एका गावापर्यंत येताना तो शाळेच्या दोन खोल्या पुऱ्या करण्याइतकाही उरेल याची खात्री नसते. म्हणून सगळ्यांना थोडं थोडं वाटण्यापेक्षा चाळीस गावांनी मिळून एक चांगलं काम निवडणं बहुतेक वेळा फायद्याचं असतं. पण चाळीस गावांना एकत्र बसवणारी व्यवस्था सहसा कुठे नसते, आणि मग कंपनीच्या दारात जो आधी पोचतो त्याचं काम आधी होतं.

हिशेबात आणखी एक बाब लपलेली आहे. रक्कम नफ्यावर ठरते. किती वीज तयार झाली, किती कोळसा उपसला, किती जमीन व्यापली यावर ठरत नाही. तीन वर्षांची सरासरी तोट्यात असेल तर २ टक्क्यांचं बंधन शून्यावर येतं. गावाने सोसायचं ते मात्र तेवढंच राहतं.

पैसे खर्चच केले नाहीत तर? पूर्वी कंपनीने फक्त कारण सांगितलं तरी भागत असे. जानेवारी २०२१ पासून नियम कडक झाले. काम चालू असेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि तीन वर्षांत वापरायची. चालू कामच नसेल तर सहा महिन्यांच्या आत ती ठरवून दिलेल्या सरकारी निधीत जमा करायची. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी हा त्यातलाच एक. म्हणजे एखाद्या परिसरात वेळेवर काम ठरलं नाही, तर तिथे येऊ शकणारा पैसा दिल्लीच्या खात्यात जातो. ही गोष्ट फार थोड्या गावांना ठाऊक असते.

४. काय चालतं, काय नाही

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कामांची यादी आहे: भूक आणि कुपोषण, आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण, स्त्रियांचं सक्षमीकरण, पर्यावरण, वारसा, ग्रामीण विकास आणि आणखी काही. फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामं, राजकीय पक्षाला दिलेली देणगी, कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजन, हे यात बसत नाही.

यादी मोठी असल्यामुळे ऊर्जा कंपन्यांची कामं एकमेकींपासून खूप वेगळी दिसतात. कोल इंडियाने २०१७ मध्ये थॅलसेमिया झालेल्या मुलांसाठी योजना सुरू केली. या आजारात शरीर पुरेसं निरोगी हिमोग्लोबिन बनवू शकत नाही, मुलाला आयुष्यभर रक्त चढवत राहावं लागतं, आणि अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण हा बरं होण्याचा मार्ग असतो. त्यासाठी कंपनी एका रुग्णामागे १० लाख रुपयांपर्यंत मदत देते. इथे खाणीजवळ राहण्याची अट नाही. एनटीपीसीचा २०१८ मध्ये सुरू झालेला उपक्रम याच्या उलट टोकाचा: वीज केंद्राच्या आसपासच्या खेड्यांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर निवासी शिबिरात ठेवून शिकवायचं. भारत पेट्रोलियमने आपल्या ‘बूंद’ या उपक्रमात मोखाड्याच्या पाड्यांवर पाणी अडवण्याची कामं केली. मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. तिथे अडवलेल्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण यादी मोठी असली की ती ताणताही येते. गुजरातमधल्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी सरकारी मालकीच्या पाच तेल कंपन्यांनी २०१६-१७ मध्ये सीएसआरमधून मिळून १४६ कोटी ८३ लाख रुपये दिले. ओएनजीसीचे ५० कोटी, इंडियन ऑइलचे २१ कोटी ८३ लाख, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचे प्रत्येकी २५ कोटी. राष्ट्रीय वारशाचं जतन, असं कारण दिलं गेलं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात म्हटलं की नवा पुतळा हा जुना वारसा नाही, त्यामुळे तो खर्च यादीत बसत नाही. मला तो आक्षेप पूर्ण पटतो. तेलाच्या विहिरी, वाहिन्या आणि कारखाने यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांपैकी कुणाला विचारून ते पैसे दिले गेले नव्हते.

स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदा सांगतो. ते ‘द्यावं’ आहे, ‘द्यायलाच हवं’ असं सरकारने त्याचा अर्थ लावलेला नाही.

५. मुळशी: वीज खाली, गाव वर

वीज आणि तेलाच्या धंद्याला जागा बदलता येत नाही. कापडाची गिरणी दुसऱ्या गावी नेता येते. दरी, कोळशाचा थर किंवा खोल बंदर उचलून नेता येत नाही. म्हणून या धंद्यात कंपनी आणि गाव यांची गाठ पन्नास-शंभर वर्षांची पडते. ही गाठ चुकीची बसली तर काय होतं ते महाराष्ट्राने फार लवकर पाहिलं.

टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली पडून मुंबईच्या गिरण्या फिरवू लागलं. यश मिळालं तशी पुढची धरणं आखली गेली. त्यातलं एक मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी पेट्यात. पन्नासच्या आसपास मावळी गावं आणि आंबेमोहोराची खाचरं त्याच्या पाण्यात जाणार होती. काम सुरू करण्याआधी गावकऱ्यांना धड विचारलंही गेलं नव्हतं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले आणि त्यासाठी त्यांनी दीर्घ कारावास भोगला.

धरण झालं. १९२७ मध्ये भिरा इथलं केंद्र वीज देऊ लागलं. पाणी पूर्वेला आपल्या खोऱ्यात न वाहता बोगद्यातून पश्चिमेला रायगडात पडतं, वीज मुंबईकडे जाते आणि केंद्रातून सुटलेलं पाणी कुंडलिकेला मिळतं. मुळशीकर यात कुठेच नाहीत. बरीच जमीन सावकारांकडे गहाण होती, त्यामुळे रोख भरपाईचा सौदा कसणाऱ्यापेक्षा सावकाराला सोयीचा ठरला.

सामाजिक गुंतवणुकीच्या दृष्टीने मुळशीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. धरणावर वीज तयार होत राहते, दरवर्षी नवी कमाई होत राहते. भरपाई मात्र एकदाच मिळते आणि एका पिढीत संपते. विस्थापिताच्या नातवाला त्यातलं काही उरत नाही. प्रकल्प जितकी वर्षं कमावेल तितकी वर्षं त्या जागेलाही काही मिळत राहील, अशी व्यवस्था करता येते का? मुळशीनंतर सुमारे पन्नास वर्षांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला काही कोळ्यांनी आणि मेंढपाळांनी ती करून दाखवली.

६. शेटलंड: करार आधी, तेल नंतर

स्कॉटलंडच्या उत्तरेला उत्तर समुद्रात शंभराच्या आसपास बेटं आहेत. त्यातल्या सोळा-एक बेटांवर वस्ती. हेच शेटलंड. १९७० च्या सुमारास इथे सतरा-अठरा हजार लोक राहत होते. मासेमारी, मेंढ्या, लोकरीचं विणकाम यांवर पोट. तरुण पोरं बाहेर जात होती.

१९७१ मध्ये शेलने या बेटांच्या ईशान्येला ब्रेंट तेलक्षेत्र शोधलं. समुद्रतळावरून वाहिन्यांनी तेल आणायचं, किनाऱ्यावर साठवायचं आणि जहाजांत भरायचं, तर जवळचं खोल आणि आडोशाचं बंदर एकच होतं: सलम वो. सट्टेबाज जमिनी हेरू लागले.

शेटलंडच्या काउंटी कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, मागण्यांचं निवेदन देऊन वाट पाहिली नाही. तिचे मुख्य अधिकारी इयन क्लार्क यांनी धरलेली भूमिका अशी: तेल येणारच असेल तर जमीन आणि बंदर यांचा ताबा आधी आपल्याकडे हवा. त्यासाठी कौन्सिल थेट ब्रिटिश संसदेत गेली. तिथले खासदार जो ग्रिमंड यांनी विधेयकाची पाठराखण केली आणि १९७४ मध्ये झेटलंड (म्हणजे शेटलंडच) काउंटी कौन्सिल कायदा मंजूर झाला. कौन्सिलला तीन अधिकार मिळाले. टर्मिनलसाठी लागणारी जमीन सक्तीने विकत घेण्याचा; त्यामुळे सट्टेबाज बाजूला पडले. बंदराचं प्राधिकरण स्वतः होण्याचा. त्यामुळे प्रत्येक जहाजाचं शुल्क कौन्सिलला मिळू लागलं. आणि मिळालेल्या पैशाचा राखीव निधी ठेवण्याचा.

याच सुमारास कंपन्यांशी एक करारही झाला. तेलामुळे बेटांवरच्या जगण्यात जी उलथापालथ होईल, तिच्याबद्दल कंपन्या काही वर्षं ठरावीक पैसे देतील. व्यक्तींना नव्हे, सगळ्या समाजाला. ते सांभाळण्यासाठी १९७६ मध्ये एक धर्मादाय ट्रस्ट स्थापन झाला. तेल सलम वोला पोचलं १९७८ च्या नोव्हेंबरात. म्हणजे पहिलं पिंप येण्याच्या आधीच कायदा, करार आणि ट्रस्ट, तिन्ही तयार होते. शेटलंडची सगळी गोष्ट या क्रमात आहे.

टर्मिनल बीपीने चालवलं, मागे तीसहून जास्त कंपन्या होत्या. १९८० च्या दशकात ऐन भरात तिथून दिवसाला दहा लाख पिंपांपेक्षा जास्त तेल जात होतं. २००० सालापर्यंत ट्रस्टला तेल उद्योगाकडून एकूण ८ कोटी १० लाख पौंड मिळाले. ट्रस्टने ते बसून खाल्ले नाहीत. गुंतवले, आणि त्याच्या उत्पन्नातून आजवर ३० कोटी पौंडांहून अधिक रक्कम बेटांवर खर्च केली. मूळ रकमेच्या तिपटीहून जास्त देऊनही ट्रस्टकडे मोठं भांडवल शिल्लक आहे.

हा पैसा कुठे दिसतो? लरविक या मुख्य गावात आणि दूरदूरच्या बेटांवर मिळून आठ क्रीडाकेंद्रं आहेत आणि प्रत्येकात पोहण्याचा बंदिस्त तलाव आहे. उन्स्ट आणि येल ही अगदी उत्तरेकडची बेटं, व्हॉल्से हे मच्छीमारांचं बेट, तिथेसुद्धा. हिवाळ्यात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो आणि वारा उभं राहू देत नाही. अशा ठिकाणी मुलांना वर्षभर खेळायला आणि म्हाताऱ्यांना हातपाय हलवायला जागा मिळणं ही चैन नाही. वृद्धांची निवासगृहं लोकवस्तीच्या जवळ उभी राहिली, त्यामुळे आजीला शेवटची वर्षं मुलाबाळांपासून समुद्रापलीकडे काढावी लागली नाहीत. २००७ मध्ये नवं संग्रहालय आणि दप्तरखाना उघडला, २०१२ मध्ये ‘मरील’ हे चित्रपट आणि संगीताचं केंद्र. आज लोकसंख्या तेवीस हजारांच्या आसपास आहे.

सगळं गोड नाही, आणि ते सांगायला हवं. टर्मिनल सुरू होऊन दोन महिने होत नाहीत तोच, ३० डिसेंबर १९७८ ला, ‘एसो बर्निशिया’ हे तेलवाहू जहाज धक्क्यावर आदळलं, इंधन तेल सांडलं आणि हजारो समुद्रपक्षी मेले. सुदैवाने पर्यावरणावर लक्ष ठेवणारी सल्लागार समिती १९७७ पासूनच काम करत होती, त्यामुळे नुकसान मोजायला आधीची मापं हाताशी होती. पुढे ट्रस्टचा खर्च उत्पन्नापेक्षा वाढला आणि हात आखडता घ्यावा लागला. वृद्धांना नाताळात मिळणारी रोख भेटही बंद झाली.

सर्वांत अवघड प्रश्न होता निर्णयाचा. बराच काळ कौन्सिलचे सदस्य हेच ट्रस्टचे विश्वस्त असत. मग बेटांवर पवनचक्क्यांचा ‘वायकिंग’ प्रकल्प आला आणि ट्रस्ट त्यात भागीदार झाला. मत देणारी कौन्सिल आणि पैसे गुंतवणारा ट्रस्ट, दोन्हीकडे तीच माणसं. लोक अस्वस्थ झाले, बेटं दुभंगली, एका स्थानिक संघटनेचा दावा २०१५ मध्ये थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळला गेला. स्कॉटलंडच्या धर्मादाय नियामकाने रेटा लावल्यावर टप्प्याटप्प्याने विश्वस्त स्वतंत्रपणे नेमले जाऊ लागले, आणि ट्रस्टही प्रकल्पातून बाहेर पडला.

वायकिंग २०२४ मध्ये पूर्ण झाला: १०३ पवनचक्क्या, ४४३ मेगावॅट. वीज समुद्राखालच्या केबलने स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर जाते. स्कॉटलंडमध्ये जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी सरकारने सुचवलेलं माप असं आहे की दर मेगावॅटमागे वर्षाला ५,००० पौंड स्थानिक समाजाला द्यावेत आणि महागाईप्रमाणे ते वाढवावेत. ४४३ गुणिले ५,००० म्हणजे वर्षाला २२ लाख १५ हजार पौंड. सक्ती नाही, पण माप सोपं आहे. कंपनीला नफा झाला की तोटा, हे विचारावंच लागत नाही. डोंगरावर पाती फिरताहेत हे दिसतं, आणि त्यावरून शाळकरी पोरही हिशेब करू शकतं. आपल्याकडे पवनचक्क्यांची एखादी छोटी कंपनी कायद्याच्या तिन्ही अटींच्या खाली राहिली, तर सीएसआरचा एक रुपयाही देणं तिला बंधनकारक नाही. साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या पठारांवरच्या गावांनी मेगावॅटवर आधारलेलं माप मागायला हवं असं माझं मत आहे.

७. बियाण्याचं पोतं

शेतकरी कितीही अडचणीत असला तरी पुढच्या पेरणीचं बियाणं वेगळं काढून ठेवतो, ते दळायला नेत नाही. शेटलंडच्या ट्रस्टने हेच केलं.

लहान आकड्यात पाहू. समजा, गावाला १ कोटी रुपये मिळाले आणि ते सुरक्षित गुंतवून वर्षाला ८ टक्के, म्हणजे ८ लाख मिळतात. महागाई ५ टक्क्यांनी वाढते असं धरू. मग ५ लाख मुद्दलात परत टाकायचे, नाहीतर दहा वर्षांनी त्या कोटीत आजच्याइतकं काहीच येणार नाही. खर्चाला उरले ३ लाख. रक्कम छोटी वाटते. पण ती दरवर्षी मिळते, महागाईबरोबर वाढते, आणि वीज केंद्र बंद पडलं तरी मिळत राहते. केंद्रं बंद पडतात. परळीच्या जुन्या संचांचं तेच झालं. कोळशाची प्रत्येक खाण कधी ना कधी संपतेच.

आपल्याकडे सीएसआरमधून असं बियाणं राखता येत नाही. जानेवारी २०२१ नंतर एखाद्या संस्थेच्या कायमस्वरूपी निधीत टाकलेली रक्कम सीएसआरचा खर्च म्हणून धरली जात नाही. कारण समजण्याजोगं आहे: पैसे निधीत टाकायचे, काम झालं असं दाखवायचं, आणि प्रत्यक्षात ते कंपनीच्याच जवळच्या ट्रस्टमध्ये पडून राहायचे, असं होऊ नये. पण त्यामुळे ऊर्जेच्या गावांसाठी दीर्घ मुदतीची दारंही बंद झाली. पडून राहणाऱ्या पैशाला आळा घालायचा तर हिशेबाची आणि विश्वस्तांची कडक अट घालता येते. सरसकट बंदीने खाण संपल्यावर उघड्या पडणाऱ्या गावांचं नुकसान होतं.

एक खिडकी मात्र उघडली आहे, आणि ती तिसऱ्या वाटेवर आहे. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ज्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात वर्षाला १० कोटी किंवा जास्त जमा होतात, तिथे जमेच्या जास्तीत जास्त १० टक्के रक्कम राखीव निधी म्हणून बाजूला ठेवता येते. खाणकाम थांबलेल्या भागात पुन्हा उपजीविका उभी करायला हा पैसा वापरायचा. खाणीच्या जिल्ह्यांतल्या लोकप्रतिनिधींनी दरवर्षी विचारावा असा हा प्रश्न आहे: आपल्या प्रतिष्ठानाने यंदा राखीव निधीत किती टाकले?

८. फीत कापल्यानंतर

सीएसआरमधून आलेलं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र दोन वर्षांनी धूळ खात पडलेलं, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना ओळखीचं आहे. कंपनीने दिलं, उद्घाटन झालं, फिल्टर बदलायची वेळ आली आणि पैसे कोण देणार यावर घोडं अडलं. कंपनी म्हणते, आमचं काम उभारण्याचं. ग्रामपंचायत म्हणते, आमच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही.

हेही आकड्यात मांडता येतं. समजा, यंत्राला १० लाख लागले. वीज, फिल्टर, चालवणाऱ्याचा पगार मिळून वर्षाला दीड लाख. दहा वर्षांत देखभालीचे १५ लाख होतात, मूळ किमतीच्या दीडपट. आता ३०० घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाला १ लाख ८० हजार जमतात. देखभाल भागते आणि ३० हजार मोठ्या दुरुस्तीसाठी उरतात. हे गणित काम मंजूर होण्याच्या आधी ग्रामसभेत फळ्यावर मांडलं गेलं, तर यंत्र चालतं. पन्नास रुपये द्यायला लोक तयार नसतील, तर तेही तेव्हाच कळतं आणि दुसरं काम निवडता येतं.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावात चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: काम कोणतं आणि त्याची गरज कुणाला, देखभालीचा वर्षाचा खर्च किती आणि तो कुणी द्यायचा, काम बिघडलं तर कंपनीची जबाबदारी किती वर्षं, आणि मालकी कुणाची. ठरावाच्या चर्चेत बायका हव्यात. पाणी, सरपण, दवाखाना यांचा रोजचा संबंध त्यांच्याशी येतो, आणि व्यायामशाळा की पाळणाघर असा प्रश्न आला तर उत्तर कोण देतंय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

९. माहिती कुठे मिळते

हे सगळं विचारायला वशिला लागत नाही. कंपनीने आपलं सीएसआर धोरण, त्यासाठीच्या समितीतल्या सदस्यांची नावं आणि मंजूर केलेली कामं आपल्या संकेतस्थळावर टाकायची असतात. वार्षिक अहवालाला सीएसआरचं स्वतंत्र परिशिष्ट जोडावं लागतं. त्यात तीन वर्षांचा सरासरी नफा, त्याचे २ टक्के किती, झालेला खर्च, शिल्लक आणि ती कुठे गेली हे लिहिलेलं असतं. ज्या कंपनीवर सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआरची जबाबदारी आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या कामांचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो आणि तो अहवालही जोडावा लागतो. केंद्र सरकारच्या सीएसआर संकेतस्थळावर कंपनीनिहाय आणि राज्यनिहाय आकडे असतात. कंपनी सरकारी मालकीची असेल तर माहितीचा अधिकारही वापरता येतो.

परिशिष्ट हातात आलं की आधी शिल्लक रकमेचा रकाना पाहावा, मग चालू कामांच्या यादीत आपल्या जिल्ह्याचं नाव शोधावं. जिल्ह्याचं नाव असेल आणि गावात कुणाला कामाचा पत्ता नसेल, तर पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय तोच ठेवावा आणि कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्याला लेखी बोलावणं पाठवावं.